धोतऱ्याची साक्ष

बेळगावजवळच्या बेळगुंदीहून राकसकोपच्या बाजूला निघालं की उकिरड्याच्या कडेला, पडक्या घराच्या जोत्यावर, कुंपणाच्या आडोशाला धोतरा हटकून दिसतो. रुंद पानं, लांब नळीची पांढरी किंवा जांभळट फुलं आणि अंगभर काटे असलेलं गोल बोंड. गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. मुलांना लहानपणीच बजावलेलं असतं, की त्याला हात लावलास तर आधी हात धू. महाशिवरात्रीला मात्र हेच फूल आणि हेच बोंड पिंडीवर जातं, आणि त्याच दिवशी या भागात पिकलेली रताळी घरोघरी उपवासाच्या ताटात असतात. इतक्या ओळखीच्या, घरापाशी उगवणाऱ्या या झाडाशी माणसाच्या मनाविषयीचा एक जुना आणि अवघड प्रश्न जोडलेला आहे. अंमल चढलेल्या माणसाला जे दिसतं, ते खरं असतं की नुसता भास?

हा प्रश्न सध्या पुन्हा जोरात विचारला जातोय. एलएसडी आणि काही अळंब्यांमधलं सिलोसायबिन या द्रव्यांवर झुरिक, लंडन, बाल्टिमोर इथल्या विद्यापीठांत गंभीर संशोधन चालू आहे. नैराश्यावरचा उपचार म्हणून सिलोसायबिनच्या चाचण्या होत आहेत. आमच्याकडून चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पी आले, त्यांच्याबरोबर एलएसडी आलं, आणि तिथल्या गोष्टी घाटमाथ्यावरच्या पोरांच्या कानावर पडत राहिल्या. काहीजण म्हणतात, रसायनाने मेंदू बिघडला, त्यात खरं काय असणार? काहीजण तितक्याच ठामपणे सांगतात की एरवी डोळ्यांवर असलेली झापड त्या घटकेला गळून पडते आणि जग खरं कसं आहे ते तेव्हाच कळतं. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. ती कुठे तोकडी पडतात हे पाहायचं तर सुरुवात एलएसडीपासून न करता धोतऱ्यापासून केलेली बरी.

धोतऱ्याची लेखी नोंद शोधायला फार लांब जावं लागत नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. इथल्या औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात धोतऱ्यावर एक संवाद आहे. चोरी करायची असली की जेवणात धोतऱ्याची फुलं मिसळतात, ती ज्याच्या पोटात जातात तो भान हरपून हसत राहतो, कोणी दागिने उचलून नेले तरी त्याला फिकीर नसते, आणि हा अंमल चोवीस तास टिकतो, असं ओर्ता सांगतो. त्याच ग्रंथात भांगेवरही संवाद आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगीज सेनापती मार्तिम अफोन्सो द सौझाला म्हणत असे, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, इराण, कुठेही जावंसं वाटलं तर थोडी भांग पुरते. आणि बालाघाटात, म्हणजे घाटावरच्या आपल्याच मुलखात, ओर्ताबरोबर असलेला एक पोर्तुगीज विदूषक भांगेचा पाक खाऊन आधी तऱ्हेवाईक बडबडला आणि मग उदास होऊन रडू लागला. द्रव्य एकच, पण सुलतान देशोदेशी फिरून आला आणि विदूषक रडत बसला. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण अंमलात काय दिसतं ते एकट्या द्रव्यावर ठरत नाही. ज्याने घेतलं त्याचं मन, त्याच्या आठवणी, त्याची भीती आणि तो बसला आहे ती जागा या सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

धोतऱ्याने लुटण्याचा प्रकार ओर्ताच्या नंतरही शेकडो वर्षं चालू राहिला. वाटसरूंना, पुढे रेल्वेतल्या प्रवाशांना, प्रसादातून किंवा मिठाईतून धोतऱ्याचं बी देऊन त्यांचं सामान लांबवणाऱ्या टोळ्या होत्या. म्हणूनच आपल्याकडच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी यांतला फरक हा ठरलेला धडा असतो. आमच्या जिल्ह्यातली संकेश्वरी मिरची फोडून बिया तळहातावर घ्या. त्या फिकट पिवळ्या, पातळ, गोलसर आणि गुळगुळीत असतात. धोतऱ्याचं बी आकाराने थोडं मोठं, जाड, तपकिरी आणि मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं, आणि भिंग धरलं तर त्याच्या अंगावर बारीक खळगे दिसतात. पात्याने चपट्या बाजूला समांतर चिरलं, तर मिरचीच्या बीतला अंकुर इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळलेला असतो. धोतऱ्याच्या बीत तो टोकाशी बाहेर वळतो. पोटातून निघालेल्या दोन-चार बियांवरून विषप्रयोग झाला की नाही हे या एवढ्याशा वळणावर ठरत आलं आहे. मिरची आणि धोतरा यांच्या बिया दिसायला जवळच्या आहेत याचं कारण दोघं एकाच कुळातले. बटाटा, वांगं, टोमॅटो आणि निपाणीचा तंबाखू हीदेखील त्याच कुळातली मंडळी.

धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं असतात. आपल्या शरीरात आणि मेंदूत असेटिलकोलीन नावाचं एक द्रव्य पेशीपेशींत निरोप पोचवतं. ते ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर, बसतं त्यांतल्या एका प्रकारावर धोतऱ्याची द्रव्यं आधीच जाऊन बसतात आणि निरोप अडवतात. लाळ थांबते, घाम थांबतो. तोंड इतकं कोरडं पडतं की घोट गिळता येत नाही. अंग तापतं, चेहरा लाल होतो, नाडी धावते, लघवी अडते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि जवळचं धूसर दिसतं. मग मेंदूची पाळी येते. माणूस लटपटत चालतो, पुटपुटतो, अंथरूण चाचपत राहतो, हवेतलं काहीतरी चिमटीत पकडू पाहतो, बोटांच्या टोकांतून नसलेला दोरा ओढत बसतो. समोर नसलेल्या माणसाशी बोलतो. याला आपल्याकडे वात झाला म्हणत, वातात बरळतोय म्हणत. आजचे डॉक्टर डेलिरियम म्हणतात.

या अवस्थेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लक्षणांच्या यादीत सापडत नाही. त्या माणसाला तिळमात्र शंका नसते. त्याला समोर बसलेला मामा दिसतो, आणि मामा दहा वर्षांपूर्वी वारला हे त्याच्या मनातही येत नाही. ऑलिव्हर सॅक्स या न्यूरॉलॉजिस्टने 2012 साली भासांवर लिहिलेल्या पुस्तकात तरुणपणचा स्वतःचा अनुभव दिला आहे. त्याने ट्रायहेक्सिफेनिडिलच्या वीस गोळ्या एकदम घेतल्या. हे औषध धोतऱ्याच्याच पद्धतीने काम करतं, आणि मानसोपचाराची औषधं घेणाऱ्यांच्या घरी पॅसिटेन या नावाने ते ओळखीचं आहे. तोंड कोरडं पडण्यापलीकडे काही झालं नाही असं त्याला वाटत होतं. तेवढ्यात दोन मित्र घरी आले. त्याने त्यांचं स्वागत केलं, स्वयंपाकघरातून त्यांच्याशी गप्पा मारत नाश्ता तयार केला आणि ट्रे घेऊन बाहेर आला, तर खोली रिकामी. कोणी आलंच नव्हतं. रंगांची उधळण नव्हती की आकाशवाणी नव्हती. एक साधी सकाळ होती, नेहमीच्या मित्रांचे नेहमीचे आवाज होते. धोतऱ्याच्या जातीचा भास असा अगदी रोजच्या जगण्याच्या वेषात येतो, आणि म्हणून तो ओळखूच येत नाही. 1676 साली अमेरिकेतल्या जेम्सटाउन इथे धोतऱ्याच्या पाल्याची भाजी खाऊन इंग्रज सैनिक अकरा दिवस वेड्यासारखे वागले, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना त्यातलं काहीच आठवेना, अशी नोंद आहे.

हे फक्त जुन्या पुस्तकांतलं नाही. पिकांवर फवारायच्या औषधाची विषबाधा झालेला माणूस आपल्याकडच्या दवाखान्यात येतो, तेव्हा त्याला अ‍ॅट्रोपिनच देतात, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी असेटिलकोलीनचा पूर आलेला असतो आणि तो रोखायला धोतऱ्यातलं हेच द्रव्य उपयोगी पडतं. छातीतला फेस ओसरेपर्यंत, नाडी वर येईपर्यंत डोस देत राहावा लागतो. कधी प्रमाण गरजेपुढे जातं आणि रुग्ण कॉटवर उठून बसतो, भिंतीवरचं काहीतरी दाखवतो, कोणालातरी हाका मारतो. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या काळजाचं पाणी होतं. विष उतरलं पण डोकं गेलं, असं त्यांना वाटतं. कोणी हळूच म्हणतं, बाहेरचं काहीतरी आहे. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन कमी करतात आणि काही वेळाने भिंतीवरचं ते काहीतरी नाहीसं होतं.

धोतऱ्याच्या अंमलावर उतारा म्हणून फायसोस्टिग्मिन हे औषध वापरता येतं. ते मेंदूत पोचतं आणि असेटिलकोलीन टिकवून धरतं. नीट देखरेखीखाली दिलं तर मिनिटांत माणूस भानावर येतो, नाव-गाव सांगू लागतो, मघाशी समोर बसलेला मामा दिसेनासा होतो. या औषधाचा जोर तास-दोन तासांत संपतो. धोतरा अजून अंगात असेल तर मामा परत येतो. सुईने घालवता येतो आणि सुई उतरली की परततो, असा हा पाहुणा कुठून येत असेल याविषयी माझ्या मनात शंका उरत नाही. तो आलेला असतो त्या माणसाच्या स्वतःच्या मेंदूतून आणि आठवणींतून.

मग एलएसडीचं काय? त्याची गोष्ट निराळी आहे आणि तिचा एक धागा आपल्या शेतापर्यंत येतो. राय या धान्याच्या कणसावर अरगट नावाची बुरशी येते. तिच्यातल्या द्रव्यांवर स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथल्या सॅन्डोझ कंपनीत काम करताना अल्बर्ट हॉफमनने 1938 साली एलएसडी बनवलं. आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो. कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो, मग दाण्याच्या जागी काळसर गाठी धरतात. पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारं काढून टाकावं, हा सल्ला बाजरी पिकवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने ऐकलेला असतो. अशी अरगटी बाजरी खाऊन त्या काळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात विषबाधेची साथ आल्याचं 1958 साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं. बाजरीच्या अरगटातली द्रव्यं मात्र वेगळी असतात; त्यांनी ओकाऱ्या होतात, चक्कर येते, गुंगी येते, पण दृश्यं दिसत नाहीत. जवळच्या दोन बुरश्यांतल्या रसायनांत थोडा फरक पडला की अनुभव इतका बदलतो.

19 एप्रिल 1943 रोजी हॉफमनने स्वतःवर प्रयोग म्हणून पाव मिलिग्रॅम एलएसडी घेतलं. युद्धामुळे मोटारी नव्हत्या, तेव्हा सहकारी बाईबरोबर तो सायकलवरून घरी गेला. घरातलं सामान हलू लागलं. दूध घेऊन आलेली शेजारीण त्याला रंगीत मुखवटा चढवलेली दुष्ट चेटकीण वाटली. आपण वेडे झालो, आता मरणार, अशी भीती त्याला वाटली. डॉक्टरांना मात्र मोठ्या झालेल्या बाहुल्यांपलीकडे काही सापडलं नाही. सॅक्सच्या आणि हॉफमनच्या अनुभवांत एक मोठा फरक आहे. शेजारीण खरोखर आली होती, दूधही खरं होतं. एलएसडीने शून्यातून माणूस उभा केला नाही, असलेल्या माणसाचं रूप पालटलं. आणि आपण प्रयोग म्हणून काहीतरी घेतलं आहे, हे हॉफमनला ठाऊक होतं. एलएसडी किंवा सिलोसायबिन घेतलेले बरेच जण त्या भरातही सांगू शकतात, की भिंत श्वास घेताना दिसतेय पण भिंत श्वास घेत नसते हे मला माहीत आहे. धोतऱ्याला एवढी फट मंजूर नाही.

ही द्रव्यं असेटिलकोलीनच्या वाटेला न जाता सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्या द्रव्याच्या एका विशिष्ट रिसेप्टरवर बसतात. झुरिकमध्ये फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने 1998 साली दाखवलं, की तो रिसेप्टर केटॅन्सेरिन या औषधाने आधी झाकून ठेवला तर सिलोसायबिन घेऊनही नेहमीचे भास होत नाहीत. डोळे मिटल्यावर दिसणाऱ्या आकृत्यांचाही उलगडा बऱ्यापैकी झाला आहे. हाइनरिश क्ल्यूव्हरने 1920च्या दशकात मेस्कलिन या भास घडवणाऱ्या द्रव्याचा अभ्यास करताना पाहिलं, की वेगवेगळ्या माणसांना त्याच त्या आकृत्या दिसतात. मधमाश्यांच्या पोळ्याची जाळी, कोळ्याचं जाळं, बोगदा आणि भोवरा. अर्धशिशीत किंवा बंद डोळे दाबल्यावरही अशाच दिसतात. बार्ड एर्मेनट्राउट आणि जॅक कोवन या गणितज्ञांनी 1979 साली याचं कारण मांडलं. डोळ्यातलं गोल चित्र मेंदूच्या दृश्यभागावर पसरताना त्याचा आकार बदलतो. गोल लिंबाची साल काढून पाटावर सपाट अंथरली तर जसा आकार ताणला जातो, तसा. मेंदूच्या त्या थरावर पेशींच्या सरळ पट्ट्या उत्तेजित झाल्या, तर त्यांचा अर्थ लागताना बोगदा किंवा भोवरा दिसतो. म्हणजे त्या अद्भुत आकृत्या आपल्याच मेंदूच्या बांधणीच्या आहेत. ही गोष्ट मला कुठल्याही चमत्कारापेक्षा अधिक थक्क करणारी वाटते. डोळे मिटलेला माणूस त्या घटकेला स्वतःच्या मेंदूची वीण पाहत असतो.

इथपर्यंत एलएसडीचा पक्ष घेणारेही बहुधा मान्य करतील. ते म्हणतील, आकृत्या सोडा. त्या वेळी जो अर्थ उमगतो, सगळं एक आहे अशी जी प्रचीती येते, ती खोटी कशी? ती इतकी स्पष्ट, इतकी ठाम असते की रोजचं जगणंच तिच्यापुढे खोटं वाटतं. या प्रचीतीची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या 2006 सालच्या अभ्यासात सिलोसायबिन घेतलेल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी त्या दिवसाला आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत स्थान दिलं. असं सांगणारी माणसं खोटं बोलत नव्हती.

पण झुरिकमध्येच कॅट्रिन प्रेलर यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यापुढे ठेवायला हवा. भाग घेणाऱ्यांना गाणी ऐकवली. काही त्यांनी स्वतः निवडलेली, जिव्हाळ्याची. काही त्यांच्या लेखी काहीच अर्थ नसलेली. एलएसडी घेतल्यावर ती निरर्थक गाणीही त्यांना अर्थाने भरलेली, स्वतःशी नातं असलेली वाटू लागली. आधी केटॅन्सेरिन देऊन मग एलएसडी दिलं तेव्हा तसं झालं नाही. गाणं तेच, माणूस तोच. अर्थ सापडल्याची भावना एका रिसेप्टरवर चालू-बंद झाली.

आता धोतरा आणि हा प्रयोग शेजारी ठेवा. धोतरा घेतलेल्याला समोरच्या मामाबद्दल पूर्ण खात्री असते आणि मामा तिथे नसतो. एलएसडी घेतलेल्याला गाण्यातल्या अर्थाबद्दल पूर्ण खात्री असते आणि तासाभरापूर्वी तो अर्थ तिथे नव्हता. दोन वेगळ्या द्रव्यांनी, दोन वेगळ्या वाटांनी, मेंदूत खात्री तयार झाली. एरवी आपण खात्रीला पुराव्याचा शेवट मानतो: डोळ्यांनी पाहिलं, आतून पटलं, संपलं. खात्री ही भूक किंवा भीती यांच्यासारखी एक भावना आहे आणि तीही रसायनांनी उठवता येते, हे या दोन उदाहरणांवरून दिसतं. म्हणून अंमलात काही अतिशय खरं वाटलं, या एका गोष्टीवरून ते खरं ठरत नाही. खोटंही ठरत नाही. ते शुद्धीवर, उजेडात, दुसऱ्याच्या साक्षीने तपासावं लागतं.

कॅरी मुलिस हे याचं चांगलं उदाहरण. डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी पीसीआर पद्धत त्याला 1983 साली सुचली. 1993 साली त्याला नोबेल मिळालं. कोविडच्या काळात नाकात काडी घालून केलेल्या तपासणीमुळे हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. एलएसडी घेतलं नसतं तर हे सुचलं असतं का, याची त्याला स्वतःलाच शंका होती. समजा ती शंका खरी. तरी पीसीआर खरी ठरली ती प्रयोगशाळेत, ज्यांनी एलएसडी पाहिलंही नव्हतं अशा हजारो हातांखाली चालली म्हणून. याच मुलिसने एड्स हा एचआयव्हीने होतो हे नाकारलं आणि ज्योतिषावर विश्वास ठेवला. तिथे तपासणीने त्याला साथ दिली नाही. एकाच डोक्यातल्या या कल्पना, आणि ठामपणा सगळीकडे सारखाच होता.

आपल्या दर्शनकारांनी भासाचा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे, आणि त्यांची मांडणी या विषयात आजही कामाला येते. अंधारात दोरी सापासारखी दिसते, शिंपला चांदीसारखा चमकतो. न्यायदर्शन मानणारे नैयायिक म्हणाले, चांदी खरीच आहे, पण दुसरीकडे कुठेतरी पाहिलेली. आठवणीतली चांदी इथल्या शिंपल्यावर बसली, चूक झाली ती जागेची. मेंदू जुन्या अनुभवांतून अंदाज बांधतो आणि तो अंदाज समोरच्या दृश्यावर चढवतो, असं आजचे मेंदूशास्त्रज्ञ सांगतात, तेव्हा ते या भूमिकेच्या फार जवळ असतात. विज्ञानवादी बौद्धांनी चांदी केवळ मनातली मानली. अद्वैत्यांनी वेगळा मार्ग काढला. दोरीवरचा साप खरा म्हणता येत नाही, कारण दिवा आणला की तो जातो. निव्वळ शून्यही म्हणता येत नाही, कारण तो दिसला आणि त्याला पाहून छाती धडधडली. अशा दिसण्याला त्यांनी प्रातिभासिक सत्तेचा दर्जा दिला, रोजच्या व्यवहारातल्या सत्तेच्या खालचा. हा दृष्टांत ज्ञानेश्वरांनीही अनेकदा वापरला आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही. यातली सगळ्यात उपयोगी कल्पना मला बाधाची वाटते. नंतरचं ज्ञान आधीच्या ज्ञानाला रद्द करतं, तेव्हा आधीचं भास ठरतं. कसोटी अनुभवाच्या आत नाही. ती नंतर येणाऱ्या दिव्यात आहे.

या कसोटीवर मूळ प्रश्नाचे तुकडे पडतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं. अनुभव आला का? आला, आणि मेंदूच्या प्रतिमांत तो मोजताही येतो. दिसलेली वस्तू बाहेर होती का? धोतऱ्यात नाही, एलएसडीत असलेली वस्तू बदललेली दिसली. एरवी कुठल्याही मार्गाने कळू शकली नसती अशी बाहेरच्या जगाची माहिती अंमलात मिळाली आणि ती पडताळून खरी निघाली, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. मग स्वतःबद्दल काही उमगलं असेल तर? इथे माझं मत सावध पण उघडं आहे. बापाशी वीस वर्षं धरलेला अबोला निरर्थक होता असं एखाद्याला त्या अवस्थेत वाटलं, तर ते वाटणं बापासमोर जाऊन बसल्यावर खरं-खोटं होईल. उपचारांच्या चाचण्यांतही औषधाच्या दिवसाआधी आणि नंतर थेरपिस्टबरोबर बोलण्याची बैठक असते, ती यासाठीच. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 233 रुग्ण होते. 25 मिलिग्रॅम सिलोसायबिन एकदाच दिलेल्यांचं नैराश्य तीन आठवड्यांनी 1 मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा जास्त उतरलेलं दिसलं. बारा आठवड्यांपर्यंत तो फायदा बऱ्याच जणांत टिकला नाही, आणि काहींना आत्महत्येचे विचार आले. आशा आहे, पण घाई करण्यासारखं त्यात काही नाही. ज्यांच्या घराण्यात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे, त्यांना अशा चाचण्यांतून मुळात वगळतात.

भारतात एलएसडी आणि सिलोसायबिन बाळगणं 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. एलएसडीच्या बाबतीत एक दशांश ग्रॅम म्हणजेच व्यापारी प्रमाण, ज्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. धोतरा मात्र त्या कायद्याच्या यादीत नाही. तो बांधावर उगवतो, फुकट असतो, आणि ऐकीव गोष्टींवरून कधीमधी एखादं पोर त्याचं बी खाऊन पाहतं. इथे मला कळकळीने सांगायचं आहे. एका झाडातलं द्रव्य दुसऱ्या झाडातल्यापेक्षा, एका बोंडातलं शेजारच्या बोंडातल्यापेक्षा कितीतरी कमी-जास्त असू शकतं, त्यामुळे धोतऱ्याचं सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच. त्यातून कसलं ज्ञान मिळत नाही. बहुतेकांना नंतर काही आठवतही नाही. माणसं तापाने, हृदयाची लय बिघडून किंवा भानावर नसताना विहिरीत, रस्त्यावर जाऊन दगावतात. चुकून पोटात जाण्याचा धोकाही खरा आहे. 2019 साली युगांडात मदत म्हणून वाटलेल्या पिठात धोतऱ्याचा अंश मिसळल्याने सुमारे तीनशे लोक रुग्णालयात गेले आणि पाच जण मेले. डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात पालकाच्या पाकिटांत धोतऱ्याची पानं आली आणि लोकांना भास होऊ लागले. पावसाळ्यात रानभाजी खुडताना आणि मळणीनंतर धान्य पाखडताना नजर हवी.

घरातला माणूस एकाएकी बरळू लागला, हवेत हात मारू लागला, नसलेल्या माणसांशी बोलू लागला, तर आधी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघा, अंग तापलंय का आणि घाम आहे का ते बघा. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, कातडी गरम आणि कोरडी असेल तर धोतऱ्याचा संशय घ्या. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला जे दिसतंय ते त्याच्यापुरतं पूर्ण खरं आहे आणि वादाने ते जाणार नाही. एकटं सोडू नका, पाणी किंवा औषध घशात ओतू नका. अंगारा-धुपारा करत बसण्यात, देवऋष्याला बोलावण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात ताप मेंदूला इजा करू शकतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना, महाराष्ट्रात 2013 पासून आणि कर्नाटकात 2020 पासून, अघोरी प्रथांविरुद्ध कायदा लागू आहे, पण रात्री दोन वाजता घाबरलेल्या घरात कायदा आठवत नाही. 108 हा नंबर आठवावा. शक्य असेल तर त्याने काय खाल्लं त्याचा नमुना, पान, बोंड किंवा उरलेली भाजी, पिशवीत घालून बरोबर न्या आणि डॉक्टरांना धोतऱ्याचा संशय स्पष्ट शब्दांत सांगा.